खिडकीतली बाबी

अण्णांच्या नजरेतलं मधलं सगळं गेलं आणि कडा तेवढ्या राहिल्या.

डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून त्याचा मधला भाग पेनाने गिरवून काळा केला होता आणि सुनेला म्हटलं होतं, "हे असं दिसतं त्यांना." चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाचं आधी सुईचं नेढं गेलं, मग काजाचे टाके गेले आणि शेवटी माणसांचे चेहरे. समोर बसलेल्याच्या खांद्यांवर नुसतं राखाडी धुकं, आणि त्या धुक्यातून येणारा ओळखीचा आवाज. पण दाराची चौकट, टेबलाची धार, दोरीवर वाळणाऱ्या सदऱ्याची बाही, असलं काही मान तिरकी केली की डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना अजून सापडायचं. "कोंबडीसारखं बघावं लागतं," ते म्हणायचे. "एका डोळ्याने दाणा, दुसऱ्या डोळ्याने मांजर."

ते हसायचे आणि घर हसायचं. कडाही जाणार आहेत, सहा महिने, फार तर आठ, हे डॉक्टरांनी फक्त सुनेला सांगितलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं. अण्णांना कुणीच सांगितलं नाही, तरीही त्यांना ते ठाऊक होतं.

सून फोटोवाली होती. म्हणजे लेक व्हायच्या आधी होती. एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. 'हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका' हे दिवसातून ऐंशीदा म्हणायची. मग टिल्ली झाली आणि कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या स्वेटरांच्या मागे गेला. आता टिल्लीला सहावं लागलं होतं. अण्णांनी नातीचा चेहरा शेवटचा नीट पाहिला तेव्हा ती दोन वर्षांची गोबरी बाहुली होती. तेव्हापासून त्यांच्या लेखी ती म्हणजे एक किणकिणता आवाज आणि धावत येऊन गुडघ्यांवर आदळणारं वजन.

"हिचं नाक कुणावर गेलं गं, सूनबाई? आमच्यावर की तुमच्यावर?" महिन्यातून एकदा तरी ते विचारायचे.

"अजून ठरायचंय, अण्णा."

"आमच्यावर गेलं असेल तर सांगू नको. पोरीला उगाच वाईट वाटायचं."

एके सकाळी टिल्ली खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने रेघोट्या मारत होती. सून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन खोलीत आली आणि दारातच थबकली. मागे सगळं पांढरं, आणि त्यात पोरगी काळी. कपाळ, नाक, वरचा ओठ, हनुवटी, सगळं कात्रीने कापून काढल्यासारखं.

हे तर दिसेल त्यांना, तिच्या मनात आलं.

बादली दारातच राहिली. तिने कॅमेरा उतरवला, फुंकर मारली. खिडकीवर पांढरी चादर ताणून चिमटे लावले, म्हणजे समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या मधे यायला नकोत. बाकीचे पडदे ओढले, दिवे बंद केले. टिल्लीला स्टुलावर आडवं, कॅमेऱ्याला एक बाजू करून बसवलं, असं की खिडकी तिच्या पलीकडे आणि कॅमेरा अलीकडे. मग कॅमेऱ्यात उजेडाचं माप खिडकीचं धरून चेहरा पार अंधारात बुडवला. स्टुडिओत असताना असा फोटो निघाला की मालक ओरडायचे, "गिऱ्हाईक काळं केलंस!" आज तिला गिऱ्हाईक काळंच करायचं होतं.

"हलू नकोस."

"मी नाही हलत. माझं नाक हलतंय."

"ओठ मिटू नकोस, जरासे उघडे ठेव. नाहीतर दोन्ही एकच दिसतात."

"मग माशी जाईल."

एकोणीस फोटोंतला एक कामाचा निघाला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिने तो ताटाएवढा छापून आणला.

अण्णा शिलाई मशीनपाशी बसले होते. मशीन बंद पडून चार वर्षं झाली होती, पण ते बसायचे तिथेच, चाकावर एक हात ठेवून. तिने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. टिल्ली शेजारी उड्या मारत होती. "मी आहे! ओळखा ना, आजोबा! मी आहे!"

अण्णांचा हात चाकावरून सुटला.

"बाबी," ते म्हणाले.

टिल्लीच्या उड्या थांबल्या. "बाबी कोण?"

ते नाव सुनेने ऐकलं नव्हतं. नवऱ्याने ते आयुष्यात दोनदा ऐकलं होतं, दोन्ही वेळा आईच्या तोंडून. संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्याने ते खालच्या आवाजात सांगितलं, कारण पलीकडच्या खोलीत टिल्ली जागी होती. त्याच्या आधीची बहीण. सहा वर्षांची असताना गेली, चार दिवसांच्या तापात. तो तेव्हा पाळण्यात होता.

"तिचा फोटो कुठेय?"

"फोटोच तर नाही." तो एकच ताट पुसत राहिला. "नवा फ्रॉक शिवून झाला की स्टुडिओत न्यायचं ठरलं होतं. पण शाळा उघडायच्या होत्या, अण्णांकडे गणवेशांचा ढीग. लोकांच्या पोरांचं आधी. तिचा फ्रॉक कच्चे टाके घालून खुंटीला टांगलेला. आई म्हणायची, तसाच टांगलेला राहिला."

सुनेने ते ताट त्याच्या हातातून घेऊन मांडणीत लावलं. त्या रात्री झोपलेल्या टिल्लीच्या नाकावरून तिने एकदा बोट फिरवलं. म्हणजे नाक यांच्यावर गेलं होतं तर.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी हाक मारली. "सूनबाई, कालचं ते चित्र. मान जरा आखूड वाटते."

"मान आहे तेवढीच आहे, अण्णा."

"केस वर बांध. केस वर गेले की मान निघते."

पहिल्यांदा तिला वाटलं, म्हातारपणचा हट्ट आहे, एक फोटो काढायला काय जातंय. तिने टिल्लीचे मोकळे केस वर ओढून घट्ट बांधले, चादर लावली, काढला. अण्णा तिरके होऊन बराच वेळ बघत राहिले. "आता हनुवटी. अर्धं बोट खाली. ती जराशी खाली बघायची."

मग कपाळावरची झुलपं मागे घेतली. मग खांदे थोडे सैल. दर वेळी अण्णा कागद घेत, डोळ्याच्या कोपऱ्यात धरत, आणि माप सांगत. अर्धं बोट, पाव बोट, एक सूत. जुन्या गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून ट्रायल द्यावी तसं ते चालू होतं. फक्त बेतलेलं काय होतं आणि कुणाच्या अंगावर ते बसवायचं होतं, हे दोघांपैकी कुणीही मोठ्याने म्हणत नव्हतं.

आणि सुनेला ते आवडत होतं. तिने नंतर स्वतःशी हे कबूल केलं. सहा वर्षांत तिच्या कामाला कुणी 'पुन्हा कर' म्हटलं नव्हतं, कारण कामच नव्हतं. पोळी परत भाज म्हणणारे होते. फोटो परत काढ म्हणणारं कुणी नव्हतं. इथे एक कारागीर दुसऱ्या कारागिराला सांगत होता, अजून जमलं नाही, पण जमेल. टिल्लीला शाळेत सोडायच्या आधी मिळणाऱ्या त्या वीस मिनिटांची ती आदल्या दिवसापासून वाट पाहायची. कपडे मशीनमध्ये फिरत असायचे, दूध मंद आचेवर असायचं, आणि ती चादरीच्या उजेडात लेकीची हनुवटी बोटाने धरून एक सूत खाली करायची.

पाचव्या वेळी अण्णा म्हणाले, "कॉलर. झालरीची कॉलर कापली होती मी तिला."

"कशी?"

त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवली. न थांबता, न चाचपडता. तिने पुठ्ठा कापला, झालर केली, टिल्लीच्या गळ्याभोवती लावली. काळ्या आकारात पुठ्ठा काय नि कापड काय.

"टोचतंय," टिल्ली म्हणाली.

"दोन मिनिटं."

"बाबीला टोचायचं?"

सुनेचा हात थांबला. पण उजेड फार सुंदर होता. ढग पातळ होते, चादर आतून दूध भरल्यासारखी पांढरी झाली होती. तिने बटण दाबलं.

त्यानंतर टिल्ली हलायची थांबली. एकोणीस फोटो काढावे लागत होते तिथे चार पुरू लागले, मग दोन. सुनेने नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, पोर आता शहाणी झाली म्हणून. तो म्हणाला, "बरी आहे ना?" ती म्हणाली, "तुझं काहीतरीच."

जेवताना तिने टिल्लीला दोनदा हाक मारली. टिल्ली ताटाकडे बघत राहिली, जरा खाली, अर्धं बोट खाली. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की मुलीने चित्रकलेच्या वहीवर दुसऱ्याच कुणाचं नाव घातलं आहे, घरी विचारावं. सुनेने वही उघडली. बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं 'बाबी', आणि खाली एक घर, खिडकी, खिडकीत काळं डोकं.

"हे तू का लिहिलंस, राजा?"

"आजोबांना मोठी अक्षरं दिसतात," टिल्ली म्हणाली. जणू एवढंच विचारलं होतं.

सातवा फोटो शेवटचा ठरला. सून कॅमेऱ्यामागे होती, टिल्ली स्टुलावर. बटण दाबायच्या क्षणी टिल्लीचा हात आपणहून वर गेला आणि तिने कानाची पाळी दोन बोटांत धरली. कंटाळून, सवयीने, वर्षानुवर्षं तसंच करत असल्यासारखी.

अण्णांनी तो कागद डोळ्याच्या कोपऱ्यात धरला. "हीच," ते म्हणाले. "हीच माझी पोर. मापं घेताना उभं राहून कंटाळली की कान धरायची. मी म्हणायचो, कान कुणाचा धरलायस, माझा की तुझा?"

सुनेने कागद परत घेतला. "हे तुम्ही टिल्लीला सांगितलं होतंत?"

"मी?" अण्णा तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. "अगं, मी स्वतः विसरलो होतो. आत्ता बघितलं तेव्हा आठवलं."

तिने विचार करून पाहिला. पोरं कान धरतात. कोणतंही पोर कंटाळलं की कान धरतं, नाक धरतं, केस चघळतं. तिने हे मनाशी तीनदा म्हटलं. मग कॅमेऱ्यातले आधीचे सगळे फोटो, पहिल्या एकोणीसपासून, एकेक करून मागे नेऊन पाहिले. जीभ बाहेर काढलेली टिल्ली होती, डोकं खाजवणारी, ओरडणारी, स्टुलावर उलटी बसलेली. कान धरलेली कुठेच नव्हती. आणि जसजशी ती पुढे येत गेली तसतशी टिल्ली विरळ होत गेली; पाचव्या वेळेनंतर तर आपल्याच पोटच्या पोरीच्या आकारात 'ही टिल्ली' म्हणून बोट ठेवायला तिला जागा सापडेना.

त्या संध्याकाळी ती टिल्लीचे केस सोडत होती. टिल्ली तिच्या मांडीवर पाठ टेकून बसली होती, नखं कुरतडत.

"आई, बाबी पूर्ण झाली ना?"

"हं."

"मग आता मला ताप कधी येणार?"

सुनेचा कंगवा केसांतच राहिला. टिल्ली घाबरलेली नव्हती. सहल कधी आहे असं विचारावं तशी विचारत होती.

"तुला कशाला ताप येईल?"

"बाबीला आला ना. सहा वर्षांची झाल्यावर. मी पण सहाची होणार." मग जरा थांबून, आईचं सांत्वन करावं तशी ती म्हणाली, "चारच दिवस असतो."

टिल्ली झोपल्यावर नवरा म्हणाला, "आपण थांबू. पण अण्णांना तो फोटो राहू दे. काही महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"काही महिन्यांनी ती सहाची होईल," सून म्हणाली. एवढं बोलून ती उठली, आणि तिने टिल्लीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. रात्रभरात तिने अकरा वेळा हात ठेवला.

सकाळी ती चादर काढायला म्हणून खोलीत गेली. पडदे ओढलेले होते. स्टूल खिडकीपाशी होतं आणि त्यावर टिल्ली बसली होती, आडवी, ताठ, हनुवटी अर्धं बोट खाली. केस तिने स्वतःच वर बांधले होते, वाकडे, पण वर. कान दोन बोटांत होता. मागे चादर उजळलेली. खुर्ची पुढे ओढून अण्णा मान तिरकी करून बसले होते, श्वास रोखल्यासारखे.

"सूनबाई," ते कुजबुजले, "आज कागदाशिवाय दिसतेय."

"टिल्ले," तिने हाक मारली.

काळा आकार हलला नाही.

"टिल्ले, इकडे बघ."

पापणीसुद्धा लवली नाही. पुढे जाऊन तिला उचलावं, असं सुनेला वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते. इतकी वर्षं लोकांना 'हलू नका' म्हणत आलेल्या बाईचा आज पोर हललेली बघायला जीव तडफडत होता. ती अण्णांच्या खुर्चीशी खाली बसली.

"अण्णा, तिला हाक मारा. तिच्या नावाने."

"तूच मार की. तुझी पोरगी."

"माझ्या हाकेला ती आज ओ देत नाहीये. ती तुमच्यासाठी बसलीय तिथे."

अण्णा म्हणाले, "हाक मारली की ती जाईल."

"कोण जाईल?"

अण्णांचं बोट हवेत हळूहळू खाली येत होतं, कपाळ, नाक, ओठ, मान, झालर नव्हती तिथे झालर. "चाळीस वर्षं मला तिचं तोंड आठवत नव्हतं, सूनबाई. आवाज आठवायचा, तोंड नाही. खुंटीवरचा फ्रॉक आठवायचा. आता दिसतंय तर तू म्हणतेस, दुसऱ्यांदा घालव. तेही स्वतःच्या तोंडाने."

"मग माझी जाऊ दे?" तिचा आवाज चिरकला. "काल विचारत होती मला, ताप कधी येणार म्हणून. चारच दिवस असतो म्हणाली, अण्णा. माझी समजूत काढत होती."

अण्णांचं बोट हवेतच थांबलं.

बाहेर कुणाचं तरी दार लागलं. वॉशिंग मशीन थरथरत थांबलं. तेवढ्या शांततेत सुनेला कळलं की तिची चूक आणि अण्णांची चूक एकाच टाक्यात शिवलेली आहे. त्यांनी माप सांगितलं आणि हनुवटी खाली तिने केली, स्वतःच्या बोटाने.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," अण्णा म्हणाले. "एवढा आंधळा नाही झालो. दोन पोरींच्या मानेतला फरक शिंप्याला कळणार नाही? हिची मान हिच्या आजीची आहे. आखूड, पण घट्ट." हवेतलं बोट त्यांनी मिटून घेतलं. "मी म्हटलं, थोडं बदलून बघू. जमलं तर जमलं."

ते पुढे झुकले. आधी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, मग उजव्या. कापड फाडायच्या आधी एकदा पूर्ण पाहून घ्यावं तसं. त्यांच्या ओठांवर आधी एक नाव आलं, ते आवाजापर्यंत पोचलं नाही. मग ते मोठ्याने म्हणाले,

"टिल्ले."

आकार तसाच.

"ए टिल्ले. ऐकू येत नाही का, कार्टे? आजोबांना तहान लागलीय. पाणी आण बघू."

कानावरचा हात खाली आला. डोकं वळलं, आणि वळता वळता नाक गेलं, ओठ गेले, हनुवटी गेली. उरला एक काळा गोल, त्यावर केसांचा वाकडा झुबका. बाजूने माणूस ओळखू येतं. समोरून उजेडात सगळ्यांची डोकी सारखीच. ती आपल्याकडे बघतेय की पाठ करून चादरीकडे, हे सुनेलाही कळेना.

"गेली," अण्णा पुटपुटले.

स्टूल फरशीवर करकरलं.

"कोणतं?" त्या काळ्यातून आवाज आला, किणकिणता, जरा वैतागलेला. "गार, का साधं?"

"साधं," अण्णा म्हणाले.

पावलं धपधप करत स्वयंपाकघराकडे गेली. सून तशीच धडपडत उठली आणि त्यांच्या मागे धावली. फ्रिजजवळच्या उजेडात टिल्ली टाचा उंचावून पेला काढत होती. सुनेने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिली, डोळे, डाव्या गालावरचा दुधाचा ओघळ, पडायला आलेला पुढचा दात.

"आई, सोड ना. पाणी सांडेल."

दोघी परत आल्या तेव्हा अण्णा मान तिरकी करूनच बसले होते. स्टूल रिकामं होतं आणि चादर पांढरी. टिल्लीने पेला त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्याभोवती एकेक करून मिटवली. ते पाणी प्यायले, एका दमात, आणि रिकामा पेला त्यांनी मांडीवर धरून ठेवला.

"अजून हवं?" टिल्लीने विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले. ते तिच्याशीच बोलत होते, पण त्यांचा डोळा अजून खिडकीकडे होता.